तांब्याची लाइन, काचेची तार आणि दीड हात जाडीची भिंत

या वेळच्या पत्रांत आणि ई-मेलमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच विषयावरचे आहेत: फायबर, म्हणजे काचेच्या तारेवरचं नेट, घ्यावं का, आणि राऊटर कोणता घ्यावा. माझी सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या टेलिफोनच्या लाइनींवर गेली, आधी तांब्याच्या, नंतर काचेच्या. निवृत्त झाले तरी ओळखीत कुणाचं नेट बंद पडलं की फोन माझ्याकडे येतो. बहुतेकांचा पहिला प्रश्न राऊटरचा असतो. माझ्या मते तो शेवटी विचारायचा प्रश्न आहे. तार घरात कुठून येते, डबा कुठे बसतो आणि मधे भिंती कसल्या आहेत हे ठरल्याशिवाय राऊटरवर एक रुपयाही घालू नका. पत्रं जागेअभावी थोडी कापली आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निवृत्त शिक्षक. पत्नी आणि मी गावभागातल्या जुन्या घरात राहतो. खाली दगडमातीच्या भिंती आहेत, वर नंतर बांधलेला स्लॅबचा मजला. नेट टेलिफोनच्या तारेवरच आहे. पावसाळ्यात फोनमध्ये खरखर येते आणि नेट सारखं तुटतं. पुण्याचा मुलगा म्हणतो, फायबर घ्या. पत्नीला लँडलाइनचा नंबर सोडवत नाही. लाइट गेल्यावर फोन चालेल का? राऊटर खाली ठेवला तर वर रेंज येईल का? (एक वाचक, गावभाग, सांगली)

उत्तर : सर, मुलगा बरोबर सांगतोय, फायबर घ्याच. ती खरखर तुमच्या यंत्रातली नाही. तांब्याच्या केबलला रस्त्यात जागोजाग जोड असतात, आणि गावभागानं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिलेत. जोडात पाणी शिरलं की तांबं हिरवं पडतं. फोनवर त्याची खरखर ऐकू येते, आणि त्याच तारेवरून वरच्या फ्रिक्वेन्सीवर धावणारं नेट तुटायला लागतं. शिवाय तांब्यावरच्या नेटचा वेग एक्स्चेंजपासूनच्या अंतराबरोबर घसरतो. तीन-चार किलोमीटरवर फारसं काही हाती लागत नाही. काचेला गंज चढत नाही, आणि आजच्या फायबरच्या पद्धतीत एक्स्चेंजपासून वीस किलोमीटरवरच्या घरालाही पूर्ण वेग मिळू शकतो.

कनेक्शन घेण्याआधी कंपनीला एक प्रश्न नक्की विचारा: काचेची तार माझ्या घराच्या आतपर्यंत येणार का? फायबरच्या नावाखाली काही ठिकाणी काच चौकातल्या खांबापर्यंत किंवा शेजारच्या गच्चीवरच्या पेटीपर्यंतच येते. तिथून पुढे साधी तांब्याची लॅन केबल घरात टाकतात. त्या पेटीला वीज लागते, म्हणजे त्या गल्लीची लाइट गेली की तुमच्याकडे इन्व्हर्टर असूनही नेट बंद. आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की त्या तांब्याच्या केबलमधून झटका थेट राऊटरपर्यंत येतो. पूर्ण फायबरमध्ये वाटेत फक्त स्प्लिटर असतो. तो प्रकाश वाटून देतो, त्याला वीज लागतच नाही. ओळखायचं कसं, तर घरातल्या डब्याला, म्हणजे काचेतला प्रकाश नेटमध्ये बदलणाऱ्या ओएनटीला, हिरव्या टोकाची बारीक तार लागत असेल तर काच आतपर्यंत आली.

आता जागा. तुमच्या घरात हा डबा वरच्या मजल्यावरच बसवा. गावभागात मी प्रत्येकाला हेच सांगते. पाणी वाढतंय म्हटल्यावर माणसं धान्य, कागदपत्रं, देव वर हलवतात. भिंतीला ठोकलेला डबा आणि त्याची तार कुणी हलवत नाही, आणि नेमकं त्याच दिवसांत फोन सगळ्यात जास्त लागतो. तार खांबावरून थेट वरच्या मजल्यावर घ्यायला सांगा. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं. तार भोकात शिरण्याआधी बाहेर तिचा एक झोळ ठेवायचा, म्हणजे तारेवरून ओघळत आलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, भिंतीत शिरत नाही. मग भोक सिलिकॉननं बुजवून घ्या. आत डब्याजवळ मीटर-दीड मीटर तार जास्तीची राहू द्या, ताटलीएवढं सैल वेटोळं करून. पुढे टोक खराब झालं तर त्यातून कापून नवीन करता येतं.

जोडणीला येणारी मुलं घाईत असतात, दिवसात बरीच घरं उरकायची असतात. त्यांना चहा द्या, आणि काम झाल्यावर प्रकाश किती येतोय ते मीटरवर दाखवायला सांगा. आकडा उणे डीबीएममध्ये, म्हणजे प्रकाश मोजायच्या एककात, असतो. उणे १५ ते उणे २५ च्या मधे असेल तर उत्तम. उणे २७ च्या आसपास बहुतेक ओएनटींची मर्यादा येते. तिथे आज नेट चालेल आणि एखादा जोड जरा खराब झाला की बंद पडेल. आकडे उणे असल्यामुळे गोंधळ होतो, म्हणून सांगते: उणे १८ म्हणजे उणे २६ पेक्षा पुष्कळ जास्त प्रकाश. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. हा आकडा तारखेसकट चिकटपट्टीवर लिहून डब्यालाच लावून ठेवा. वर्षभरानं नेट रखडायला लागलं तर लाइन खराब झाली की घरातलं काही बिघडलं, हे त्या एका आकड्यावरून कळतं.

वहिनींना सांगा, नंबर वाचू शकतो. त्याच कंपनीकडे तांब्यावरून फायबरवर गेलात तर ०२३३ चा जुना नंबर बहुधा कायम ठेवता येतो; मात्र अर्जात तसं लिहून घ्या आणि खात्री होईपर्यंत जुनी लाइन बंद करायचा अर्ज देऊ नका. दुसऱ्या कंपनीकडे गेलात तर तो नंबर जाईल, कारण नंबर पोर्ट करायची सोय आपल्याकडे मोबाइललाच आहे. लाइट गेल्यावर फोन चालण्याचं म्हणाल, तर जुना फोन चालायचा कारण एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट त्याच तारेतून यायचे. काचेतून वीज येत नाही. तुमचं जुनं फोनयंत्र ओएनटीच्या फोन पॉइंटला लागेल, पण ओएनटी बंद तर फोनही बंद. घरात इन्व्हर्टर असेल तर ओएनटी आणि राऊटर त्याच्या पॉइंटवर लावा. दोन्ही मिळून वीस-पंचवीस वॅटच्या आत खातात. इन्व्हर्टर नसेल तर राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. घेताना ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर कागदावर उतरवून दुकानात न्या. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे.

आता रेंज. दीड हात जाडीची दगडमातीची भिंत आणि वर स्लॅब, यातून वाय-फाय नीट जाणार नाही. दहा हजारांचा राऊटर आणलात तरी नाही. तुमच्या घराला दोन जागा लागतील. वर ओएनटी, आणि त्याच्या लॅन पॉइंटमधून जिन्याच्या कडेनं एक कॅट-६ केबल खाली. खाली साधा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वरचंच नेट खाली वाय-फायवर देण्यापुरता, लावायचा. हे सेटिंग कंपनीचा मुलगा पाच मिनिटांत करून देतो. दोन्हींचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा म्हणजे वर-खाली करताना मोबाइल आपोआप बदलून घेतो. भिंतीवरच्या सॉकेटला लावायचे रिपीटर दुकानदार सुचवेल. ते हवेतूनच घेतात आणि हवेतूनच देतात, त्यामुळे स्वस्तातल्यांत वेग निम्म्यावर येतो. केबल टाकणं शक्य असताना रिपीटर घेऊ नका.

प्लॅन छोटाच घ्या. २०२३ च्या जानेवारीत सरकारनं ब्रॉडबँड म्हणवण्यासाठीचा किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला. तुम्हाला त्याहून बरंच हवं, पण फोर-के सिनेमालासुद्धा १५ एमबीपीएस पुरतात. दोघांचे मोबाइल, टीव्ही आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल, यासाठी ४०-५० चा प्लॅन भरपूर झाला. जाहिरातीतल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि ठरावीक डेटा संपल्यावर वेग कितीवर येतो तेही विचारा. वर्षाचे पैसे एकदम भरले तर राऊटर फुकट, असं सांगतील. आधी महिन्या-महिन्यानं भरा. दोन महिने लाइन नीट चालली की मग वर्षाचं बघू.

प्रश्न : मावशी, मी विश्रामबागला फ्लॅटमध्ये राहतो, घरूनच काम करतो. २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन घेतला, पण स्पीड टेस्टला कधीही ९४ च्या वर जात नाही. कंपनी म्हणते आमची लाइन ठीक आहे. नवीन राऊटर घेऊ का? कोणता घेऊ? (एक तरुण वाचक, विश्रामबाग)

उत्तर : लाइन खरंच ठीक असणार. ९४ हा आकडाच सगळं सांगतो. १०० मेगाबिटच्या पोर्टमधून स्पीड टेस्टवर जास्तीत जास्त एवढंच येतं. तुझ्या घरात ओएनटीपासून लॅपटॉपपर्यंत कुठेतरी एक १०० चा सांधा आहे, तो शोध.

लॅपटॉपला लॅन पोर्ट असेल तर राऊटर बाजूला ठेव आणि लॅपटॉप केबलनं थेट ओएनटीला लाव. २०० आले तर दोष राऊटरचा किंवा मधल्या केबलचा. बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही, पण आधी केबलच बघ. टोकाची पारदर्शक क्लिप उजेडात धर. आत आठ पिवळ्या पट्ट्या दिसतात, त्यांच्यासमोर आठ रंगीत तारा हव्यात. आपल्याकडे वायरमन एकाच केबलच्या चार-चार तारा वाटून दोन कनेक्शन काढतात, तेव्हा क्लिपमध्ये चारच तारा दिसतील. १०० ला चार तारा पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० ला, आठही लागतात. आठ दिसल्या तरी कोपऱ्यातली तपकिरी तार आतल्या आत तुटलेली असू शकते. एक नवी कॅट-५ई किंवा कॅट-६ची तयार केबल लावून बघ. शंभर-दीडशे रुपयांत प्रश्न सुटला तर राऊटर कशाला घेतोस?

केबल नीट असेल तर राऊटरचेच पोर्ट १०० चे आहेत. बाजारात एसी १२०० लिहिलेले कितीतरी स्वस्त राऊटर असे आहेत: वर वाय-फाय ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारं, मागे पोर्ट मात्र १०० चे. खोक्यावरचा तो १२०० हा दोन्ही बँडची बेरीज असतो, ३०० आणि ८६७. एका मोबाइलला ती बेरीज कधीच मिळत नाही. आणि पोर्ट १०० चा असेल तर बाहेरून आत शंभरच्या वर काही येतच नाही. म्हणून खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात १०/१००/१००० किंवा गिगाबिट लिहिलंय का ते वाच. फक्त १०/१०० असेल तर परत ठेव. अँटेना किती आहेत, दिसायला कसा आहे, याला काही अर्थ नाही.

तुझ्यासाठी वाय-फाय ६ चा, सगळे पोर्ट गिगाबिट असलेला, एएक्स १५०० किंवा एएक्स ३००० मधला राऊटर पुरे. २०० च्या प्लॅनला वाय-फाय ७ वर पैसे घालू नकोस. वाय-फाय ६ चा खरा फायदा वेगापेक्षा गर्दीत आहे: मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप, कॅमेरे एकाच वेळी बोलायला लागले की तो त्यांना नीट वेळ वाटून देतो. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांच्या राऊटरांची गर्दी असते, त्यामुळे कामाचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवरच ठेव. २.४ वर भिंतीपलीकडे रेंज जाते, पण तिथे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांत न मिसळणारे आहेत आणि तुझ्या मजल्यावर ते केव्हाच भरलेले असणार. प्रिंटर, स्मार्ट बल्ब, घरचा कॅमेरा यांना २.४ दे.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी विचारून घे. कंपनीच्या ओएनटीतच वाय-फाय असेल तर आधी त्यावर पंधरा दिवस काढून बघ. टू बीएचकेला बऱ्याचदा तेवढंच पुरतं. आणि कंपनी स्वतःचा राऊटर लावू देते का, ओएनटी ब्रिज मोडवर (म्हणजे तो नेट नुसतं पुढे देईल असा) टाकून पीपीपीओई चा, म्हणजे लाइनवर लॉगिन करायचा, युजरनेम-पासवर्ड देते का, हे कस्टमर केअरवर विचारून तारखेसकट लिहून ठेव. स्वतःचा राऊटर लावलास तर ओएनटीचं वाय-फाय बंद कर, नाहीतर मोबाइल जुन्यालाच चिकटून बसतो. राऊटर शो-केसमध्ये, लोखंडी कपाटावर किंवा फिशटँकच्या मागे नको. हॉलमध्ये डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेव.

प्रश्न : ताई, तासगाव तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. घर रस्त्यापासून बरंच आत आहे. टेलिफोनच्या तारेवरचा मोडेम विजेच्या कडकडाटात दोनदा जळाला. आता रस्त्यापर्यंत फायबर आलंय. घरापासून अंदाजे १८० मीटरवर बेदाणा शेड आहे, तिथे चार कॅमेरे लावलेत. ते बाहेरगावाहून मोबाइलवर बघता येत नाहीत, चित्र अडकतं. दुकानदार स्टॅटिक आयपी घ्या म्हणतो. (एक शेतकरी वाचक)

उत्तर : दादा, चित्र अडकण्याचं कारण आधी सांगते. तांब्यावरच्या नेटमध्ये खाली उतरणारा वेग बरा असतो, वर चढवणारा मात्र जेमतेम १ एमबीपीएस. कॅमेऱ्याचं चित्र शेडमधून बाहेर जायचं म्हणजे ते वर चढवावं लागतं. २ मेगापिक्सेलच्या एका कॅमेऱ्याला साधारण २ एमबीपीएस लागतात, चाराला आठ. जुन्या लाइनवर ते होणारच नव्हतं. फायबरवर चढता वेगही चांगला मिळतो. प्लॅन घेताना अपलोड किती तेवढं विचारा. स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, लगेच घेऊ नका. पुष्कळ कंपन्या आता एकच आयपी कितीतरी ग्राहकांत वाटतात, त्यामुळे डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला, बाहेरून थेट गाठता येत नाही हे खरं. पण आजचे डीव्हीआर क्यूआर कोड स्कॅन करून कंपनीच्या ॲपवर चालतात, त्याला स्टॅटिक आयपी लागत नाही. आधी तसं करून बघा. आणि डीव्हीआरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. हे मी हात जोडून सांगते, कारण मूळ पासवर्ड मॉडेलनुसार कुणालाही इंटरनेटवर सापडतो.

विजेचं भय फायबरनं बरंच कमी होतं, कारण काच वीज वाहून नेत नाही. पण खांबावरून येणाऱ्या ड्रॉप केबलच्या पोटात किंवा कडेला ताणासाठी पोलादी तार असते. ती घराच्या बाहेरच हुकाला बांधून संपवायची. आत डब्यापर्यंत फक्त काचेचा भाग न्यायचा. जोडणीला येणाऱ्याला हे आठवणीनं सांगा. राहिला महावितरणच्या लाइनवरून येणारा झटका. त्यासाठी घराचं अर्थिंग तपासून घ्या, आणि वळवाचं आभाळ भरलं की ओएनटीचा ॲडॉप्टर सॉकेटमधून काढा. बटण बंद करून भागत नाही.

रस्त्यापासून घरापर्यंतची तार कशी आणायची हे तुम्हीच ठरवा, कंपनीवर सोडू नका, कारण तुमच्या बागेत काय कधी चालतं हे त्यांना माहीत नाही. विजेच्या खांबांवरून ओढू देऊ नका. मांडवाच्या तारांना तर अजिबात बांधू देऊ नका. एप्रिलच्या खरड छाटणीत नाहीतर ऑक्टोबरच्या फळछाटणीत कुणाची तरी कात्री तिच्यावर पडणार, आणि कापणाऱ्या बाईला कळणारही नाही. हवेतून आणायची तर ऊस भरलेली ट्रॉली खालून जाईल एवढ्या उंचीवर, स्वतःचे खांब रोवून. माझं मत विचाराल तर बांधाच्या कडेनं एचडीपीई पाइपमधून जमिनीखालून आणा. नांगर आणि रोटाव्हेटर पोहोचणार नाहीत एवढं खोल गाडा आणि बांधावर ठरावीक अंतरानं दगड पुरून खूण ठेवा. पाइपची दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर उंदीर आत शिरून कुरतडतात. एकदाच खर्च होईल.

घरापासून शेडपर्यंत साधी लॅन केबल चालणार नाही, तिची मर्यादा १०० मीटर आहे. तिथेही काचच टाका. दोन टोकांना काच आणि लॅन जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लावायचे, मधे सिंगल मोड (दूरच्या अंतराचं) फायबर, आणि शेडमध्ये लॅनचे पॉइंट वाढवणारा एक छोटा स्विच. हवेतून सिग्नल पाठवणारी जोडीही मिळते आणि समोरासमोर झाड नसेल तर चांगली चालते, पण ती उंच पाइपावर बसवावी लागते आणि तुमच्याकडे वीज आधीच दोनदा येऊन गेली आहे. अजून एक गोष्ट, जी सांगलीबाहेरचा कुणी तुम्हाला सांगणार नाही. बेदाण्याला गंधकाची धुरी देता ना? तो धूर पॉइंटच्या पिना आणि तांब्याचे सांधे खातो. कन्व्हर्टर आणि स्विच धुरीच्या खोलीबाहेर, रबराच्या कडेच्या घट्ट पेटीत ठेवा. कॅमेऱ्याची जोडणीही तशाच पेटीत घ्या.

प्रश्न : काकू, प्रकाश सरळ रेषेत जातो असं आम्हाला शिकवतात. मग वळणावळणानं टाकलेल्या फायबरमधून तो कसा जातो? (नववीतली विद्यार्थिनी, विटा)

उत्तर : छान विचारलंस. फायबरच्या आत दोन प्रकारच्या काचा असतात, एकीत एक. मधली काच ९ मायक्रॉनची, भोवतीची १२५ मायक्रॉनची. मधल्या काचेचा अपवर्तनांक थोडासा जास्त असतो. अशा काचेतून प्रकाश कडेला तिरका आदळला की बाहेर पडत नाही, पूर्ण परावर्तित होऊन आतच राहतो. दोन परावर्तनांच्या मधे तो सरळच जातो, म्हणजे तुझं पुस्तक चुकलेलं नाही. इतक्या बारीक काचेत प्रकाशाच्या तरंगरूपाचाही विचार करावा लागतो, पण ते तू पुढे शिकशील. वळण फार तीव्र झालं की कोन बिघडतो आणि प्रकाश गळतो.

आधी काच इतकी अशुद्ध असायची की थोड्याच अंतरावर प्रकाश विरून जायचा. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवून दिलं की दोष काचेतल्या अशुद्धींचा आहे, त्या काढल्या तर काचेतून दूरवर संदेश पाठवता येतील. २००९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरी फायबर असेल तर त्याच्या टोकाकडे कधीही डोळा लावून बघू नकोस. आतला प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. धाकट्या भावंडांनाही सांग.

प्रश्न : वाय-फायचा पासवर्ड शेजारच्या मुलांना माहीत झालाय. बदलला तर पुरे का? (एक वाचक, आष्टा)

उत्तर : पुरे नाही, दोन पासवर्ड असतात. एक वाय-फायचा, दुसरा राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. दुसरा बहुतेकांच्या घरी अजून कारखान्यातलाच असतो. दोन्ही बदला, सुरक्षेत डब्ल्यूपीए २ किंवा ३ निवडा, डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डशिवाय बटणानं जोडायची सोय, बंद करा. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा. पोरांना अभ्यासाला नेट हवं असेल तर तेच द्या.

प्रश्न : ताई, दिवाळीची साफसफाई केली आणि दुसऱ्या दिवसापासून नेट बंद. डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय. कंपनीवाले चार दिवस येतो येतो म्हणतात. आम्ही घरी काही करू शकतो का? (एक गृहिणी, मिरज)

उत्तर : लाल दिव्याखाली एलओएस असं लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ डब्यापर्यंत प्रकाश पोहोचत नाही. रिचार्ज संपला की हा दिवा लागत नाही, तेव्हा पैसे भरून काही होणार नाही. साफसफाईनंतर झालंय म्हणजे मला तार कुठेतरी दबल्याची शंका येते. डब्यापासून मागे भिंतीपर्यंत तार हातानं चाचपत जा. कपाट किंवा सोफा परत सरकवताना पायाखाली आली असेल, खिळ्याला गुंडाळली गेली असेल, किंवा डबा पुसताना मागे घडी पडली असेल. बोटाभोवती गुंडाळल्याइतकं वळण आलं तरी प्रकाश गळतो. तार मोकळी करा, वळण मोठं करा, डबा बंद करून पाच मिनिटांनी सुरू करा. पॉन लिहिलेला हिरवा दिवा लुकलुकून स्थिर झाला की झालं.

हिरवं टोक डब्यात नीट बसलंय का तेवढं हलकेच दाबून बघा. ते बाहेर काढून ओढणीनं, फडक्यानं पुसू नका. काचेचं टोक तिरकं घासलेलं असतं, त्यावर धुळीचा एक कण बसला किंवा चरा पडला तरी प्रकाश अडतो. आणि हिरव्या टोकाच्या जागी घरात पडलेली निळ्या टोकाची तार लावू नका, ती वेगळ्या घासणीची असते. तार तुटलेलीच दिसली तर तिला चिकटपट्टी लावून उपयोग नाही. ती मशिननं वितळवून जोडावी लागते, तोवर तुटलेल्या टोकाला हात लावू नका. काचेचा तुकडा बोटात गेला तर काढताना जीव जातो.

फोन करताना "नेट बंद आहे" एवढंच सांगू नका. "एलओएसचा दिवा लाल आहे, घरातली तार तपासली, डबा बंद-चालू करून झाला" असं सांगा, म्हणजे पहिल्याच फेरीत मीटर आणि जोडायची मशिन घेतलेला माणूस पाठवतात. तक्रारीचा नंबर मागून घ्या. तो एसएमएसवर आल्याशिवाय फोन ठेवू नका.